विसण

आजोळी न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत करवंट्या आणि कोळसे, भोवती पाणी, खाली राख. सकाळी साडेपाचला तो पेटायचा आणि सहा-सव्वासहापर्यंत तोटीला हात लावायची सोय उरत नसे. आजी घंगाळात आधी गार पाणी घ्यायची, मग बंबाचं कढत पाणी सोडायची, तांब्याने ढवळायची आणि अंदाज घेत आणखी थोडं गार ओतायची. या गार पाण्याला विसण म्हणतात. काही घरांत इसण. "विसण पुरे का गं?" असं विचारून माझ्या उत्तराची वाट न बघता ती स्वतःचं कोपर घंगाळात बुडवायची. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. चुलीपुढे चाळीस वर्षं काढलेल्या बोटांना कढत काय नि कोमट काय, सारखंच.

पुढे शाळेत 'मिश्रण पद्धत' शिकले. तांब्याचा कॅलरीमापी, ढवळणी, तापमापी आणि वहीत सूत्र: उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता बरोबर थंड वस्तूने घेतलेली उष्णता. तेव्हा कोणी सांगितलं नाही की हे विसणच आहे. बंबातलं पाणी 90 अंश सेल्सिअस, आडाचं 25 अंश, आणि आंघोळीला 20 लिटर पाणी 40 अंशांचं हवं. हिशेब केला तर कढत पाणी साधारण साडेचार लिटर आणि विसण साडेपंधरा लिटर लागतं. आजीचे तांबे मोजले असते तर आकडा फार चुकला नसता.

या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या बोलताना खुशाल एक करतो. साडेचार लिटर कढत पाणी आणि वीस लिटर कोमट पाणी, यांत जास्त तापमान कशाचं? कढत पाण्याचं. आणि आडाच्या पाण्याच्या तुलनेत दोन्हींकडे उष्णता किती? सारखीच, साधारण तीन लाख कॅलरी. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला लागते ती एक कॅलरी; 4500 ग्रॅम गुणिले 65 अंश आणि 20,000 ग्रॅम गुणिले 15 अंश, दोन्ही गुणाकार तीन लाखांच्या आसपास येतात. तापमान उतरलं, उष्णता तेवढीच राहिली, फक्त जास्त पाण्यात वाटली गेली.

उलटं उदाहरण दिवाळीत हातावर पडतं. फुलबाजीच्या ठिणग्या म्हणजे जळते धातूचे कण, हजार अंशांच्याही वर तापलेले. त्या मनगटावर पडल्या तरी पोरं हसत असतात. कणाचं वजन मिलिग्रॅमच्याही अंशात, त्यामुळे त्याच्यापाशी द्यायला उष्णताच नसते. कातडीला कळायच्या आत तो निवतो. तीच फुलबाजी संपल्यावर अंगणात टाकलेली तार मात्र पायाखाली आली की फोड ठरलेला. ती ठिणगीपेक्षा कितीतरी कमी तापलेली असते, दिसायलाही काळी, विझलेली. पण ती भरीव आहे. म्हणून जुन्या तारांसाठी शेजारी पाण्याची बादली ठेवायची.

आता हाताचा प्रश्न. थंडीच्या सकाळी पलंगावरून एक पाय चटईवर ठेवा आणि दुसरा फरशीवर. फरशी बर्फासारखी, चटई बरी. तापमापीला विचारलं तर दोन्ही रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या, दोन्हींचं तापमान एकच. मग पाय खोटं बोलतो का? पायाला आपण चुकीचा प्रश्न विचारतो, एवढंच. कातडीचं तापमान साधारण 33 अंश असतं आणि ती खोलीतल्या वस्तूला उष्णता देत असते. ही उष्णता किती वेगाने जाते, ते पाय सांगतो. दगड ती भराभर ओढून घेतो, गवताच्या चटईतली कोंडलेली हवा अडवून धरते. स्टेनलेस स्टील लाकडाच्या सुमारे शंभरपट उष्णता वाहून नेतं. तांबं तर स्टीलच्याही पंचवीसपट. खोली 45 अंशांना तापली की सगळं उलटतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत स्टीलचा डबा चटका देतो आणि शेजारची घोंगडी नुसती पडून असते. आता वाहणारी उष्णता डब्याकडून हाताकडे येते आहे, वेग तोच.

सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने यावर बोट ठेवलं होतं. एक हात गार, दुसरा गरम, असे दोन्ही एकाच कोमट पाण्यात बुडवले तर तेच पाणी एका हाताला ऊन लागतं आणि दुसऱ्याला गार. घरी करायला पाच मिनिटं लागतात: तीन पातेली, एकात फ्रिजचं पाणी, एकात सोसवेल इतकं गरम, मधल्यात नळाचं. मुलांसमोर करावा असा हा प्रयोग आहे, कारण स्वतःचे दोन हात एकमेकांशी भांडताना पाहण्याची मजा पुस्तकात नाही.

हाताला तापमान कळत नसलं तरी उष्णता कुठल्या वाटेने आली हे मराठीला बरंच कळतं, असं मला कधीकधी वाटतं. तव्याला बोट लागलं की चटका बसतो. कढईवरून किंवा मे महिन्यातल्या रस्त्यावरून गरम हवा तोंडावर येते ती झळ. होळीपासून दहा हात लांब उभं राहिलं तरी चेहऱ्याला लागते ती धग. पाठ्यपुस्तकातले वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही शब्द पाठ करण्याच्या आधीपासून आपल्या तोंडात होते. अर्थात भाषा प्रयोगशाळा नव्हे. उन्हाचाही चटका बसतो आणि महागाईचीही झळ लागते. पण धग म्हणताना कोणी वस्तूला हात लावल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणत नाही, हे खरं.

हातावर विसंबता येत नाही म्हणून तापमापी आली. डान्झिगला जन्मलेल्या डॅनिएल फॅरनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा तापमापी बनवला आणि 1724 मध्ये आपल्या मोजपट्टीचं वर्णन छापलं: बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, नुसत्या बर्फाच्या पाण्याला 32, निरोगी माणसाच्या अंगाला 96. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने 1742 मध्ये शंभर भागांची पट्टी मांडली, पण उलटी: पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. त्याच्या मृत्यूनंतर ती सुलटी झाली. आपल्या घरात दोन्ही गृहस्थ अजून गुण्यागोविंदाने नांदतात. "पोराला 102 ताप आहे" म्हणणारी आई त्याच दमात "बाहेर 40 आहे, खेळायला जाऊ नको" म्हणते. एक आकडा फॅरनहाइटचा, दुसरा सेल्सिअसचा, आणि गोंधळ कोणाचाच होत नाही. 102 फॅरनहाइट म्हणजे 38.9 सेल्सिअस, पण हे ऐकून कोणत्या आजीला ताप चढल्यासारखा वाटेल?

तापमापी हातात आल्यावर लोकांना वाटलं, उष्णता मोजायचं साधन मिळालं. हा गैरसमज दूर व्हायला आणखी चाळीसेक वर्षं गेली, आणि तो दूर करणारा माणूस ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारा डॉक्टर होता, जोसेफ ब्लॅक.

ब्लॅक विद्यार्थ्यांना एक सवाल घालत असे. 100 अंश फॅरनहाइटचं पाणी घ्या, त्यात तेवढ्याच मापाचा 150 अंशांचा पारा मिसळा. मधलं तापमान 125 यायला हवं. येतं 120. पारा 30 अंश उतरला आणि पाणी फक्त 20 अंश चढलं. मापाला माप सारखं असूनही पाण्याची भूक मोठी. वजनाला वजन घेतलं तर फरक फारच मोठा होतो, कारण पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. यातून निघालेल्या कल्पनेला जुनी पुस्तकं विशिष्ट उष्णता म्हणायची, आता शाळेत विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. पाणी एक धरलं तर तेल सुमारे अर्धा, ॲल्युमिनियम पाचवा हिस्सा, लोखंड नववा. फोडणीचं तेल बघता बघता तापतं आणि शेजारचं आधण ढिम्म राहतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यात उष्णता द्यायला खोलीतली हवा सोडली तर काहीच नाही. 1761 च्या सुमाराचा हिवाळा. ब्लॅकने पातळ काचेचे दोन सारखे गोळे घेतले आणि दोन्हींत सारखं पाणी भरलं. एकातल्या पाण्याचा बर्फ केला. दुसऱ्यातलं पाणी जवळजवळ तितकंच गार, 33 अंश फॅरनहाइटपर्यंत आणून ठेवलं, पण गोठू दिलं नाही. मग कॉलेजच्या मोठ्या दालनात, जिथे हवा 47 अंशांवर स्थिर होती, दोन्ही गोळे एकमेकांपासून थोड्या अंतरावर टांगले आणि घड्याळ बघत बसला. पाण्याचा गोळा अर्ध्या तासात 40 अंशांवर पोचला. बर्फाच्या गोळ्याला त्याच 40 अंशांवर यायला साडेदहा तास लागले.

हिशेब बघा किती साधा. हवा तीच, काच तीच, म्हणजे दर अर्ध्या तासाला दोन्ही गोळ्यांत साधारण तेवढीच उष्णता शिरत असणार. अर्ध्या तासाची उष्णता म्हणजे पाण्याचे सात अंश. साडेदहा तासांत असे एकवीस अर्धे तास. एकवीस साते एकशे सत्तेचाळीस. बर्फाचं पाणी झाल्यावर ते 32 वरून 40 वर गेलं, त्याचे आठ वजा करा. राहिले 139. ही सगळी उष्णता आत गेली आणि तापमापीला तिचा पत्ताही लागला नाही. ती बर्फाचं पाणी करण्यात खर्ची पडली. आजचा आकडा सेल्सिअसच्या हिशेबात दर ग्रॅमला 80 कॅलरी, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 144. टांगलेल्या दोन गोळ्यांवरून काढलेला अंदाज इतका जवळ!

या दडलेल्या उष्णतेला आपल्याकडे सुप्त उष्णता म्हणत, आता अप्रकट उष्मा. ब्लॅकने एक फार व्यवहारी मुद्दाही मांडला होता. बर्फ वितळायला किंचितशीच उष्णता पुरत असती, तर थंडी सरताना पहिल्या उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खाली आला असता आणि गावंच्या गावं वाहून गेली असती. बर्फ हळूहळू पाझरतो, कारण त्याला फार उष्णता गिळावी लागते.

मला हे शाळेच्या प्रयोगशाळेत कळायला हवं होतं आणि कळलं नाही. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, त्यात तापमापी, खाली स्पिरिटचा दिवा, आणि दर मिनिटाला वाचन घ्यायचं. माझ्या वहीत शून्य, शून्य, शून्य, शून्य. दिवा तर पेटलेला. पाचव्या शून्यानंतर मी सरांना सांगितलं की तापमापी बिघडलाय. त्यांनी दुसरा दिला. तोही शून्यावर. मग मी मैत्रिणीच्या वहीत डोकावले. तिने शून्य, एक, दोन, तीन अशी छान चढती वाचनं लिहून ठेवली होती. मी तीच उतरवली. सरांनी दोघींच्या वह्यांवर लाल रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "बर्फ संपला होता का?" आमचा आलेख सुंदर होता, फक्त निसर्गाचा नव्हता.

वितळण्यापेक्षा वाफ होणं कितीतरी महाग. 100 अंशांच्या एक ग्रॅम पाण्याची 100 अंशांचीच वाफ करायला 540 कॅलरी लागतात. ग्लासगो विद्यापीठातच उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटला 1760 च्या दशकात वाफेच्या एंजिनाचं एक नमुना-यंत्र नीट करताना दिसलं, की थोडीशी वाफ तिच्या सहापट पाणी उकळीला आणते. ब्लॅकशी बोलल्यावर त्याला कारण उमगलं, आणि 1765 मध्ये वाफ निववण्यासाठी वेगळं पात्र करायची कल्पना सुचली. स्वयंपाकघरात हा आकडा बोटांना शिकवला जातो. मोदकपात्राचं झाकण पुढच्या बाजूने उघडलं की मनगटावर वाफ येते, कातडीवर पाणी होते आणि होताना प्रत्येक ग्रॅममागे 540 कॅलरी तिथेच सोडते. तितक्याच तापमानाच्या पाण्याचा थेंब एवढं भाजत नाही. म्हणून झाकण पलीकडच्या बाजूने उचलायचं.

उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवून भात लवकर होत नाही, हेही यातलंच. उघड्या पातेल्यातलं पाणी उकळू लागलं की त्याचं तापमान थांबतं. पुढची सारी आच वाफ करण्यात जाते. मोठा गॅस म्हणजे पैसे देऊन खिडकीबाहेर वाफ सोडणं. तापमान वाढवायचं तर दाब वाढवायला हवा. कुकर तेच करतो: शिटीच्या वजनाखाली दाब जवळपास दुप्पट होतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. उंचावर उलटा प्रकार. महाबळेश्वरला पाणी 95 अंशांच्या आगेमागे उकळतं, लेहला 88 च्या जवळ. तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघणं म्हणजे धीराची परीक्षा.

उष्णता म्हणजे नेमकं काय, हा वाद दरम्यान चालूच होता. ती एक न दिसणारी, वजन नसलेली द्रव वस्तू आहे असं लाव्हाझिएसारखे मोठे लोक मानत. 1789 च्या त्याच्या मूलद्रव्यांच्या यादीत ती चक्क नाव लावून बसली आहे. म्युनिकमध्ये तोफा कोरण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या काउंट रमफर्डने 1798 मध्ये दाखवलं की बोथट पात्याने तोफ घासत राहिलं, तर घोड्यांच्या जोरावर अडीच तासांत भोवतीचं पाणी उकळतं, आणि घासत राहाल तोवर उष्णता निघतच राहते. वस्तू असती तर कधीतरी संपली असती. मँचेस्टरच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला जेम्स जूल 1840 च्या दशकात वजनं खाली सोडून पाण्यात वल्हं फिरवत बसला आणि किती कामाला किती उष्णता याचा दर ठरवला. त्या दराने एक अंश तापायला पाण्याला सुमारे 427 मीटर खाली पडावं लागेल. गिरसप्पाचा धबधबा 253 मीटरचा. म्हणजे खालचं पाणी वरच्यापेक्षा अर्ध्या अंशाने आणि वर थोडं गरम, तेही वाटेत तुषारांची वाफ झाली नाही तर. जूल लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समध्ये तापमापी घेऊन धबधब्याचं पाणी मोजायला निघाला होता, असं विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, सांगून ठेवलं आहे. बायकोचं म्हणणं नोंदलेलं नाही.

तेव्हापासून चित्र असं: कणांची सरासरी धावपळ किती, ते तापमान सांगतं, आणि तापमानातल्या फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा ती उष्णता. काटेकोर मास्तर तर "बंबात उष्णता साठली आहे" असंही म्हणू देत नाहीत, ती आंतरिक ऊर्जा. आजीपुढे मी हा मुद्दा काढला नसता.

हवामानाच्या बातम्यांत मात्र हा फरक रोज नडतो. मे महिन्यात चंद्रपूरला 45-46 आणि मुंबईला 34. आकडे बघून वाटावं, मुंबईकर सुखात आहेत. त्यांना सुखात ठेवतो तो समुद्र: पाण्याची उष्माधारकता जमिनीच्या चार-पाचपट, शिवाय लाटांनी ढवळलं जाऊन ऊन खोलवर वाटलं जातं. जमीन दिवसा पटकन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन आधी निवते आणि मतलई वारे उलटे सुटतात. कोळ्यांच्या शिडाच्या होड्यांचं वेळापत्रक याच उष्माधारकतेवर चालायचं.

पण त्या वाऱ्यासोबत दमटपणा येतो, आणि घामाचा धंदा बसतो. कातडीवरून एक ग्रॅम घाम उडून गेला तर जवळपास 580 कॅलरी घेऊन जातो. उडाला तर. चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो. मुंबईत तो सदऱ्याला चिकटून बसतो आणि काही नेत नाही. म्हणूनच विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर घरोघरी, आणि मुंबईत तोच कूलर लावला तर खोली गार व्हायची सोडून आणखी चिकट होते. माठाचंही तसंच. नागपूरच्या माठातलं पाणी दुपारी दात शिवशिवेल असं. दादरच्या चाळीत तोच माठ मरगळतो. माठ कच्चा नव्हता, हवाच आधीपासून पाण्याने भरलेली. चाळीशीपार तापमान आणि वर दमट हवा एकत्र आली, तर निरोगी माणूसही सावलीत बसून उष्माघाताने पडू शकतो, कारण शरीराला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. नुसता तापमानाचा आकडा वाचून घराबाहेर पडण्यात हा धोका आहे.

बंब आता मामाच्या माळ्यावर आहे, तांब्याला हिरवा गंज धरलेला. माझ्या घरी पंधरा लिटरचा गीझर आहे, दोन किलोवॅटचा, 60 अंशांवर आपोआप बंद होणारा. जानेवारीत नळाचं पाणी 20 अंशांचं असतं. 40 अंशांसाठी निम्मं गरम, निम्मं विसण. म्हणजे पंधरा लिटरांचे तीस होतात. पंधरा-पंधरा लिटरांच्या दोन बादल्या, दोन आंघोळी. पुन्हा पंधरा लिटर पाणी चाळीस अंशांनी चढवायला 25 लाख जूल लागतात आणि त्याला दोन किलोवॅटने एकवीस मिनिटं. आमच्याकडे माणसं तीन आहेत. तिसरा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून रोज दार वाजवतो, आणि मी आतून ओरडते, "एकवीस मिनिटं!"